खवट मास्तर

आमचे हे गिऱ्हाइकाचं माप कधी लिहून घेत नाहीत. अंगावर टेप लावायची, आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि तसंच पुटपुटत टेबलापर्यंत जाऊन कापडावर खडूने उतरवायचे, ही त्यांची तीस वर्षांची रीत. तेवढ्या चार पावलांत मीसुद्धा तोंड उघडत नाही. मी त्याच दुकानात काज-बटणं करते. तोंडाळ म्हणून सारी गल्ली मला ओळखते, आणि हे असे, की दुसऱ्याने पायावर पाय दिला तरी हेच माफी मागतील.

वर्षापूर्वी एक तरुण वडिलांचा कोट घेऊन आला. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. म्हणाला, "याच्या दोन पिशव्या शिवून द्या." ह्यांचा पारा चढला. "बापाच्या कोटाला मी कात्री लावणार नाही! चालते व्हा!" जन्मात एकदा ओरडले, आणि नेमकं तेच लेकीने मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकलं. आठवड्याभरात हे जगाचे 'खवट मास्तर' झाले.

मग लोक ओरडून घ्यायलाच येऊ लागले. धडधाकट पँटी आणायच्या, मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं सांगायचं आणि वाट बघत उभं राहायचं. काय हौस एकेकाची! हे मवाळ बोलले की त्यांची तोंडं उतरायची.

"बाबा, जरा आवाज चढवा ना," लेक म्हणायची. दुकान बंद पडायच्या बेतात होतं, म्हणून मीही गप्प बसले. चूक माझीही आहे. हे ओरडायला शिकले. एकदा जेवताना मला म्हणाले, "मी आधी कसा बोलायचो गं?" मला रडूच आलं.

मागच्या महिन्यात पोस्टमनदादा आले. नोकरीतून निवृत्त झालेले, आमचं पहिलं गिऱ्हाईक. वहिनींनी जाण्याआधी त्यांच्यासाठी कोटाचं कापड आणून ठेवलेलं, अगदी मोजकं. हे बाहीचं माप घेऊन पुटपुटत निघाले, तोच दारातून दोन मुली म्हणाल्या, "मास्तर, आमच्यावर ओरडा ना!" लेकीचा फोन वर झालाच होता. हे ओरडले. मुली खूश होऊन गेल्या. हे टेबलाशी क्षणभर थांबले आणि खडू ओढला. पुन्हा माप घ्यायला हवं होतं. मला दिसत होतं, तरी मी बोलले नाही.

ट्रायलच्या दिवशी बाही मनगटाच्या चार बोटं वर राहिली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, चुकलो. वहिनींनी आणलेलं कापड वाया घालवलं मी. माफ करा."

तो त्यांचा जुना आवाज होता. कित्येक महिन्यांनी ऐकला मी. पोस्टमनदादांनी आधी फळीवर पाहिलं, मग आरशामागे, मग माझ्या मांडीवरच्या कपड्यांत.

"मोबाइल कुठे ठेवलाय?"

"नाही हो दादा, पोरगी कॉलेजात गेलीय. शपथ!"

"माझ्याशी तरी खरं वागायचं होतंत, मास्तर."

त्यांनी कोट उतरवला, नीट घडी घातली आणि काखेत धरून निघाले. हे दारापर्यंत धावले.

"दादा, थांबा!"

आवाज इतका चढला, की अख्खा रस्ता वळून पाहू लागला. समोरच्या फुटपाथवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.