हाताला आराम

महाडात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायचा म्हणजे वाट बघायची सवय हवी. सकाळचा पेशंट दुपारी उगवतो, नाहीतर उगवतच नाही. "मॅडम, पाव्हणे आलेत." "मॅडम, एस्टी चुकली." शिमग्यात तर कमालच. खांदा वर जात नाही म्हणून कण्हणारे बाप्ये त्याच खांद्यावर पालखी नाचवतात, आणि नंतर मला सांगतात, तुमच्या व्यायामानं दुखणं वाढलं. आधी मी चिडायचे. आता चहा मागवते.

वरंधच्या वरच्या वाडीतली एक आजी मात्र मनातून जात नाही. पावसात बांधावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. श्रावणात प्लास्टर निघालं तेव्हा बोटं पार आखडलेली. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "धार काढता येल ना गो बाय?" घरात एकच म्हैस, गाभण, दिवाळीच्या सुमाराला विणार. आणि हट्टी अशी की आजीखेरीज कुणाचा हात लागला की पान्हा चोरायची. मी म्हटलं, "येईल. पण एक दिवसाआड इथे यायचं, आणि घरी रोज पीठ मळायचं, ओला पंचा पिळायचा. दुखलं तरी."

"मीच मळायचं, तर तुझी मशीन कशाला हाय?"

मशीनचा शेक दिला तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. दोनदा आली, मग गायब. फोन केला तर सून म्हणाली, "आत्यांचा हात आम्ही पाण्यात पण घालू देत नाय. मुंबईवरनं ह्यांनी सांगितलंय, कम्प्लीट रेस्ट. जेवण पण मीच भरवते." आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. आमच्याकडे दुखणेकऱ्याला काम सांगितलं तर गाव नावं ठेवतं. मी घसा फोडून समजावलं, अगं, तो हात आरामानंच वाया चाललाय, त्यांना काम करू दे. "हो हो, पाठवते." पुन्हा फोन केला, पुन्हा हो हो. इतक्या मायेपुढे माझी पदवी काय करणार?

गणपती झाले, दिवाळी झाली. मग एका सकाळी मी कुलूप काढतेय तर आजी पायरीवर बसलेली. मूठ मिटत नव्हती. माझा पारा चढला. "इतके दिवस कुठे होतात? धार काढायची होती ना तुम्हाला?"

"म्हस याली," ती म्हणाली. "कुणाला कासेला हात लावू देईना. कास दगडावानी झाली, रातभर वरडायची. पोरानं येऊन इकली तिला."

तिनं तो हात उचलून माझ्या हातात दिला.

"आता मोकळीच हाय मी. आता म्हनशील तर रोज येते."

पेशंटच्या तोंडून हे ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली होती. त्या सकाळी मात्र ते ऐकवेना.