इंजिनाच्या डोक्यावरचा थेंब

हुमनाबादला हायवेलगत अण्णांचं लॉरी दुरुस्तीचं शेड आहे, पण रविवारी ते रिमोटवरच्या छोट्या रेसिंग गाड्यांत बुडालेले असतात. माणसांशी मराठीत बोलतात, इंजिनाशी कन्नडात. इंधनाचा बारीक स्क्रू जरासा फिरवायचा, कान द्यायचा आणि "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे, असं इंजिनाला समजवायचं. मग बोटानं इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब. थेंब चर्रकन उडाला, तर इंजिन फार तापलंय.

स्क्रू आवळला की इंधन कमी जातं, गाडी सुसाट पळते आणि तापतेही. अण्णा कधी आवळत नाहीत. त्यामुळे त्यांची गाडी ढीगभर धूर सोडते आणि हरते. त्यांच्या बाजूनं ओरडणं म्हणजे माझा घसा फुकट घालवणं.

परवाच्या शर्यतीत मात्र शेवटच्या फेरीत तीच पुढे होती. तेवढ्यात मागून येणाऱ्या कलबुर्गीवाल्याच्या गाडीचा धूर थांबला आणि तिचा आवाज किंचाळल्यासारखा चढला. अण्णांनी हातातला रिमोट टाकला, मैदानात धावले, ती गाडी उचलली आणि इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन बंद केलं. त्यांची स्वतःची गाडी शेजारच्या तुरीत जाऊन उलटली.

"कामून बंद केलात, अण्णा?" कलबुर्गीवाला भडकला.

अण्णांनी त्याच्या इंजिनावर थेंब टाकला. चर्र!

"मरायलं होतं की ते."

"आन् तुमची गाडी?" मी चिडून विचारलं.

तुरीतून अजून घरघर येत होती.

"ती निस्ती पडली हाय," अण्णा म्हणाले. "ऐक की, कशी गोड बोलायलीय."