‘येत न्हाय’ असं लिहून द्या

रावसाहेबानं शाईची डबी ओट्यावरून खालच्या पायरीवर ठेवली आणि चपलेच्या टोकानं आमच्याकडं सरकवली. हातात देणं शक्य नव्हतं. हाताला हात लागला असता. पायातली ती चप्पल मात्र आमच्याच किसनदानं शिवलेली होती. तिचं त्याला काही वाटत नव्हतं.

"चला, एकेक करून अंगठे द्या," तो म्हणाला. "किसन्या, तू पैला."

किसनदा आमच्या गल्लीतला सगळ्यात म्हातारा माणूस. माझ्या आज्याच्या बरोबरीचा. रावसाहेब त्याच्या नातवाच्या वयाचा नसला तरी लेकाच्या वयाचा होताच. मी इथं रावसाहेबाला अरेतुरेनंच लिहिणार आहे. त्यानं आमच्या म्हाताऱ्यांना जन्मात कधी अहो म्हटलं नाही, मग मी कशाला शाई वाया घालवू?

आम्ही चांभार. मुरुमच्या बाजारापलीकडं आमची गल्ली. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता आम्ही मुंबई राज्यात आहोत, असं लोक सांगायचे. असू. राज्य कुठलंही असो, रावसाहेबाच्या अंगणातली आमची जागा ठरलेली: ओट्याच्या खाली, मोरीच्या बाजूला. त्या दिवशीही तिथंच बसलो होतो. माय, बा, किसनदा, गल्लीतली चारदोन माणसं, आणि मी. मी तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. मारणारा नवरा सोडला, तेव्हापासून भीती जरा कमी झाली होती.

ओट्यावर दोन खुर्च्या. एकीवर रावसाहेब. दुसरीवर उद्योग खात्याचा इन्स्पेक्टर, उस्मानाबादेहून आलेला. पोरगेलासा, पँटीला कडक इस्त्री. अंगठे खरे आहेत म्हणून त्यानं सही करायची होती. त्याच्यापुढं चहा. आमच्यापुढं शाई.

कागदात काय आहे, ते रावसाहेबानं लपवलं नाही. लपवायला आधी लाज लागते. त्यानं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"आम्ही खाली अंगठा करणारे चांभार लिहून देतो की, कातड्यावर ठशांनी नक्षी छापण्याची रीत आम्हांस येत नाही. आमच्या वाडवडिलांस येत नव्हती. ही रीत आम्ही प्रथम रावसाहेबांच्या कारखान्यात पाहिली."

प्रथम. कारखान्यात. पाहिली.

मी मायच्या हातांकडं बघितलं. तिची बोटं काळी होती. त्या छपाईनंच काळी झालेली. घासून जायची नाहीत. मरेपर्यंत गेली नाहीत.

ती रीत सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. गंजके खिळे, बैलांचे झिजलेले नाल गुळाच्या पाण्यात टाकून माठ झाकून ठेवायचा. पाणी आंबतं, काळं होतं. तरवडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याला ते पाणी लागलं की डाग काळा पडतो आणि जन्मभर जात नाही. चप्पल काळी करायला हा माठ आमच्या घरोघर असायचा. बाजारात इब्राहीमचाचा जाजमं छापायचा. त्याचे ठसे झिजले, कापडावर नीट उमटेनात, म्हणजे तो ते मायला देऊन टाकायचा. मायनं ते कातड्यावर मारून बघितले. पाणी पसरायचं, वेल असला की त्याचा चिखल व्हायचा. चाचा बघून हसला. म्हणाला, "पतला रंग भागता, बेटी. चिंचोके की खळ डालो, पकडके बैठता." मायनं चिंचोक्याची खळ घातली. वेल वेलासारखा उमटला. मग आंबे, पोपट, कमळं. छापील बटवे, कमरपट्टे, पोळ्याला बैलांच्या गळ्यातले पट्टे. उमरग्याकडचे शेतकरी नाव काढत मायकडं यायचे.

आता हा शोध कुणाचा? काळं पाणी आमचं, ठसे चाचाचे, खळ त्याची, हात मायचा. आमच्यात कुणी विचारलंच नाही. भाकरीचा शोध कुणी लावला म्हणून कुणी विचारतं का?

पण आयत्या बिळावर नागोबा कधी ना कधी येतोच. रावसाहेबानं चामड्याच्या मालाचा कारखाना काढला आणि मायला बोलावणं आलं. म्हणाला, करून दाखव. मोठा माणूस बघणार म्हणून माय नवं लुगडं नेसून गेली. माठ घरचा, ठसे घरचे. हात दाखवून अवलक्षण. ती अंगणात छापत होती आणि तो लांब ओट्यावर नाकाला रुमाल लावून उभा. तो विचारायचा, माय सांगायची, मुनीम लिहायचा. ओल्या कातड्याला त्यानं बोट लावलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा बघितला होता, उंटावरून कातडं छापणारा तेव्हा पहिल्यांदा बघितला. मायचा माठही त्यानं तिथंच ठेवून घेतला. मग आमच्याच गल्लीतली माणसं कारखान्यात कामाला लागली. माल मुंबईच्या प्रदर्शनात जायला लागला. आम्हाला वाटलं, बरंच आहे, कामाला तोटा नाही. आमची अक्कल तेवढीच.

मग एक दिवस पेटंट हा शब्द गावात आला. रावसाहेबानं कलकत्त्याच्या कचेरीत अर्ज केला होता की, ही रीत मी शोधली, ती माझ्या नावावर करून द्या. अर्ज तपासणारा साहेब मात्र सुखासुखी ऐकेना. त्यानं उलट विचारलं होतं, हे काम तुमच्याकडच्या कारागिरांना आधीपासून येत नाही कशावरून? त्यासाठी हे अंगठे.

किसनदा शाईच्या डबीपाशी जाऊन उकिडवा बसला. त्यानं हळूच विचारलं, "मालक, पर येत न्हाय असं कशापायी लिवायचं?"

उत्तर इन्स्पेक्टरनं दिलं. एसटीची वेळ सांगावी तसं. "अहो, जे सगळ्यांना आधीच येतं, त्याचं पेटंट मिळत नाही. म्हणून लिहून द्यायचं."

"आन् मिळालं म्हंजी?" बानं विचारलं.

रावसाहेब बोलला, "मिळालं म्हंजी बाजारात तुमी छापील माल मांडायचा न्हाय. कोर्टात खेचीन. छापायची हौस आसंल तर माझ्याकडं कामाला या. मी काय न्हाय म्हन्लंय?"

इतकं सरळ. आम्हाला येतं, हीच त्याची अडचण होती. म्हणून आम्हाला येत नाही असं आमच्याच अंगठ्यानं लिहून हवं होतं. आजवर आमची मेहनत नेली, मजुरी बुडवली, ते बघितलं होतं. आता येणंच काढून न्यायला बसला होता. आणि तेही आमच्या सहीनं.

किसनदानं अंगठा दिला. त्याचा पोरगा कारखान्यात होता. कारण मला कळत होतं. राग तरी आला. अजून येतो. म्हातारा माणूस, सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर आरी धरलेला, आणि आपल्या अंगठ्यानं लिहून देतो की मला काही येत नाही. रावसाहेबाचा मला तिरस्कार वाटतो, पण त्या वाकलेल्या पाठीचाही वाटतो. खोटं कशाला बोलू?

मग बा उठला. माय त्याच्या मागोमाग उठायला लागली. तिला वाटलं, आपणही जायचं. रावसाहेबानं हात हलवला.

"बायकांचे नकोत."

माय खाली बसली. जिच्या हातची रीत, तिला येत नाही एवढं लिहून द्यायचाही मान तिला नव्हता.

बाचा अंगठा शाईत बुडाला आणि तेवढ्यात रावसाहेबाला काहीतरी आठवलं. मायकडं न बघता त्यानं विचारलं, "ते पानी तयार झालं हे कसं वळखती ग तू? कलकत्त्याच्या साहेबानं ते बी इचारलंय."

"चाखून, मालक," माय म्हणाली. "ग्वाड लागतंय तवर कच्चं. जीभ तुरट होऊन आकसली की झालं."

रावसाहेब हसला. "आता अर्जात जीभ लिहू का?"

इन्स्पेक्टर मात्र गंभीर होता. त्याला ते पटलं. "लिहा की. चव घेऊन परीक्षा करतात, असं लिहा. तुम्ही स्वतः चाखून बघता ना?"

"व्हय व्हय," रावसाहेब म्हणाला. "मीच बघतो की. रोज."

रोज!

ज्यानं मायच्या हातचा घोट कधी घेतला नाही, आमची सावली पडली तर जो ओट्यावर पाणी शिंपडायला लावतो, तो माझ्या मायच्या माठातलं पाणी रोज जिभेवर घेतो म्हणे. मी उठले. कसं उठले ते आठवत नाही, एवढं आठवतं की माय लुगड्याचा काठ धरून मला ओढत होती. मोरीजवळ तोच माठ होता. माझ्या घरचा. शेजारी करवंटी. मी करवंटी बुडवली आणि भरून आणून ओट्याच्या कडेवर ठेवली. खाली नाही. ओट्यावर.

"चाखा," मी म्हणाले.

"काय?"

"चाखा, मालक. रोज चाखता न्हवं? ह्यो माठ झालाय का कच्चा हाय ते ह्या सायबास्नी सांगा. मग माजा बा अंगठा दील."

दारात रावसाहेबाची बायको येऊन उभी राहिली होती. रावसाहेब करवंटीकडं बघत होता. एवढंसं पाणी. बोट बुडवून जिभेला लावलं असतं तर काम झालं असतं. पेटंट त्याचं, बाजार त्याचा, आम्ही त्याचे. आमचं सगळं त्याला हवं होतं. आमचं पाणी नको होतं.

"आज माझा उपास हाय," तो म्हणाला.

इन्स्पेक्टर भोळा असावा किंवा फारच हुशार. तो म्हणाला, "उपासाला गूळ चालतो की."

माझ्या पाठीमागं कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक माय. तिथं रावसाहेबाचा तोल गेला.

"ए भवाने, उचल ती करवंटी! ओटा बाटिवला!"

बाहेर पडलं एकदाचं. सरकारी माणसासमोर, स्वच्छ शब्दांत. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे, असा कायदा तेव्हा झाला होता म्हणे. कायद्याचा माणूस बशीत चहा ओतून पीत बसला. त्यानं काही ऐकलं नाही. ऐकायचं नसलं की इस्त्रीच्या माणसांना बरं ऐकू येत नाही.

"बा," मी म्हणाले, "हात मागं घ्या."

बा अंगठ्याकडं बघत राहिला. शाई थेंब होऊन टोकाला आली होती. मला वाटलं, आता देतो. तो भित्रा माणूस होता, हेही लिहिलं पाहिजे. पण त्यानं अंगठा अंगणातल्या मातीत घासला, मग धोतराला पुसला, आणि मोरीजवळ जाऊन माठ उचलून खांद्यावर घेतला. माय पुढं झाली. तिनं ओट्यावरची करवंटी घेतली, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"झालंय," ती म्हणाली. "पक्कं झालंय." आणि आम्ही निघालो.

पुढं जे व्हायचं ते झालं. बाला कातडं उधार मिळायचं बंद झालं. किसनदाचा पोरगा आमच्याशी बोलायचा थांबला. गल्लीतले चार शहाणे घरी येऊन सांगून गेले की, पोरीला आवरा, नवऱ्यानं उगाच टाकली नसंल. नवऱ्याला मी टाकलं होतं, पण ते असो. रावसाहेबाला पेटंट मिळालं की नाही, मला ठाऊक नाही. आजतागायत चौकशी केली नाही. चोराला चोरीची पावती मिळाली का, ते मी कशाला विचारत बसू?

पण इन्स्पेक्टरचं ते एक वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. जे सगळ्यांना येतं, त्याचं पेटंट मिळत नाही. ठीक आहे. मग सगळ्यांना येऊ दे.

पुढच्या आठवडी बाजाराला मी माठ घेऊन बसले. इब्राहीमचाचाच्या दुकानाला लागून. चाचानं झिजलेले नव्हे, चांगले ठसे दिले. मी भर बाजारात छापायला लागले, आणि ओरडून सांगायला लागले की खिळे किती, गूळ केवढा, खळ कशी शिजवायची. "या, बघा, शिकून जा!" पहिल्या बाजारी माणसं नाक धरून बाजूनं गेली. रावसाहेबाचा मुनीम लांबून बघून गेला. मग चाचाची नात येऊन बसली. मग आमच्या गल्लीतल्या पोरी. मग, सगळ्यात उशिरा आणि मान खाली घालून, किसनदाची सून.

आता मोठ्या घरच्या बायकाही येतात. छापील पर्स हवी असते, हौस असते, कुणाकुणाला मंडळात शिकवायचं असतं. गोड बोलतात. ताई म्हणतात. "तेवढं चाखायचं सोडून सांगा ना," असंही एक जण म्हणाली.

नाही सोडणार. मी शिकवायचे पैसे घेत नाही. जात विचारत नाही, गाव विचारत नाही. जो येईल त्याच्यापुढं आधी करवंटी ठेवते. माझ्या माठातलं पाणी, माझ्या हातानं काढलेलं, माझ्यासमोर जिभेवर घ्यायचं. घेतलं की सगळं सांगते, हातचं काही राखत नाही. ज्याला चालत नाही, त्यानं खुशाल आपला उपास धरावा. त्याला माझ्याकडून कोरडा ठसासुद्धा मिळणार नाही.