सहा जणांची परात

परदेशात असताना मी एकदा सहा माणसांचं जेवण एकट्यानं कुस्करलं. खाल्लं नाही, कुस्करलं. खाल्लं असतं तर निदान पोट तरी भरलं असतं!

आम्ही पाचोऱ्याचे. इथिओपियातल्या एका सूतगिरणीत मला नोकरी लागली आणि बायको, सुमन, सोबत आली. गिरणीच्या खोल्या एकट्या पुरुषांसाठी. म्हणजे बाहेर घर मिळालं नाही, तर सुमनची पाठवणी पाचोऱ्याला! आणि मला साधा चहा करता येत नाही. (दूध उतू घालवता येतं.) शेवटी एक घर सापडलं. मालकीण अल्माझबाई, धिप्पाड, करारी. त्यांचा निरोप आला, "आधी जेवायला या. माणसं बघून ठरवते."

"जे वाढतील ते गुपचूप खा," सुमननं बजावलं.

"अगं, खायला मला शिकवतेस?"

परात आली. परात कसली, बैलगाडीचं चाक! तिच्यावर पसरलेली मऊ, राखाडी, जाळीदार पोळी. तिला म्हणतात इंजेरा. आकार आपल्या खापरावरच्या मांड्याचा, रूप ओल्या घोंगडीचं. मधोमध कोंबडीचा लालभडक रस्सा, भोवती डाळी-भाज्यांचे ढीग. परात नेमकी माझ्यासमोर टेकवली आणि "घ्या, घ्या" म्हणत घरचे हात धुवायला गेले.

मी भारावलो. एवढं ताट जावयालासुद्धा कुणी वाढत नाही! पाहुणा आधी, घरचे मागून, अगदी आपल्यासारखंच. एक तुकडा तोंडात टाकला आणि दात शिवशिवले. आंबट! नुसती आंबट! पण खान्देशी माणूस आंबटाला घाबरतो होय? वातड असो, शिळं असो, रश्श्यात कुस्करलं की सगळं पोटात जातं. मी बाही सरसावली. पोळी ओढली, फाडली, चुरली, वर रस्सा ओतला, डाळी लोटल्या, उकडलेली अंडी फोडली आणि पाचही बोटांनी असा काला केला की परातीत पूर्वपश्चिम उरली नाही!

"अहो!" सुमन कुजबुजली. "काय करी ऱ्हायनात?" (तिथं मराठी तरी कुणाला कळत होती? पण गुपित अहिराणीतच बोलायचं, ही आमच्या घरची शिस्त.)

"जेवी ऱ्हायनू!"

"अहो, हाई बठ्ठासनं ताट शे!"

मी मान वर केली. परातीभोवती अल्माझबाई, त्यांची दोन मुलं आणि मुलगी सारा. धुतलेले हात हवेतच थांबलेले. सगळ्यांचं मिळून ताट हे एकच, दुसरं कुठंच नव्हतं.

मी हादरलो. "सॉरी, सॉरी," म्हणत मी काला थापून पुन्हा पोळीसारखा सपाट करायला लागलो!

अल्माझबाई त्यांच्या भाषेत काहीतरी गरजल्या आणि उठल्या. माझ्याकडेच निघाल्या. सुमननं पदर तोंडाला लावला. मला विमान दिसायला लागलं. बाईंनी परातीतून क्रिकेटच्या चेंडूएवढा गोळा उचलला.

"तोंड उघडा," सारा इंग्रजीत म्हणाली.

मी उघडलं. बाईंनी तो अख्खा गोळा आत कोंबला! आमच्या काळ्या मसाल्याचा मला केवढा गर्व, पण त्या रश्श्यानं कानांतून वाफ काढली.

"लाडक्या पाहुण्याला आम्ही असा घास भरवतो," सारा हसत होती. "आई म्हणते, उरलेला इंजेरा आम्ही सकाळी असाच कालवतो. ताज्याची ही गत करणारा तुम्हीच पहिले! आता तुम्ही आईला भरवा."

भरवला. अर्धा त्यांच्या तोंडात, अर्धा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर.

"आणि... घर?" सुमननं धीर करून विचारलं.

बाई माझ्याकडे बघत सावकाश बोलल्या. सारानं खाली मान घालून सांगितलं, "दिलं म्हणते. या माणसाला एकटं सोडणं बरं नाही."

पाचोऱ्याला परतून आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठल्याही लग्नात मी पंगतीला बसलो की सुमन समोरच्या रांगेतून ओरडते, "अहो, तेवढंच तुम्हनं शे!" आणि माझ्या दोन्ही बाजूंची माणसं आपापली पानं जवळ ओढून घेतात.