पाठवणीपाशी अडकलेली सीडी

दौंडला फौजदार असताना आलेली एक फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. त्यात ना चोरी होती, ना मारामारी.

कुरकुंभला सासर असलेली एक मुलगी मामाला घेऊन ठाण्यात आली. तिच्या लग्नाची सीडी शेवटाला अडकत होती आणि वरवंडचा शूटिंगवाला दाद देत नव्हता. मामा तावातावानं म्हणाले, "सायेब, फसवणूक हाय ही. आत टाका त्याला."

मुलगी हळूच म्हणाली, "पाठवणीला आप्पांनी मला जवळ घेतलं, तिथंच अडकती. आप्पा आता न्हाईत."

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील गेले होते. मला गलबलून आलं. ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगितली.

वरवंडच्या आमच्या खबऱ्यानं कळवलं, "सायेब, त्यानं केलेल्या समद्याच सीड्या शेवटाला अडकत्यात." म्हणजे वैर नव्हतं, कामातच खोट होती.

शूटिंगवाला ठाण्यात आला तोच घामाघूम. मी शूटिंगची मूळ कॅसेट मागितली. पठ्ठ्यानं तिच्यावर दुसरं लग्न घेतलेलं! माझा पारा चढला.

"एक तरी सीडी धड चालते का रे तुझी?"

"बहिणीच्या लग्नाची चालती की. ती निवांत, कमी स्पीडला केली व्हती."

"आणि बाकीच्यांची?"

"लोकांना सत्यनारायणाच्या पूजेलाच सीडी लागती, पाव्हण्यांना दावायला. मग फुल स्पीडला मारतो."

इथंच गाठ सुटली. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि घाईत केली की बाहेरच्या कडेचं लिखाण कच्चं राहतं. पाठवणी तर लग्नाच्या शेवटीच असते.

आम्ही वरवंडला जाऊन मुलीची सीडी त्याच्याच कॉम्प्युटरवर लावली. शेवटाला मशीन घरघरलं, वेग पार मंदावला, पण वाचत राहिलं. घरच्या प्लेअरला हे जमत नव्हतं. सगळं उतरवून घेतलं आणि नवी सीडी अगदी कमी वेगानं करायला लावली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याची चुळबुळ बघून मला हसू येत होतं.

नवी सीडी मुलीच्या घरच्या टीव्हीवर लावली. आप्पांनी लेकीला जवळ घेतलं, टोपी काढून डोळे पुसले, आणि चित्र पुढं सरकलं. मुलगी पदर तोंडाला लावून रडली. मामांनी त्याला आत टाकायचं नावही काढलं नाही.

त्यानंतर फिर्याद लिहून घेताना मी आधी विचारायचो, "तुम्हाला नेमकं काय परत हवंय?" पुष्कळांना शिक्षा नको असते. त्या लेकीला बाप हवा होता, टीव्हीवर का होईना.