तलासरीच्या अंगणात घेतलेलं इंजेक्शन

पुण्याहून निघताना मांडीवर बर्फाच्या पिशव्यांचा छोटा डबा होता. सोडायला आलेला नवरा म्हणाला, "पाण्याची बाटली विसरलीस आणि हा डबा कवटाळून बसलीस!" मला हसू आलं नाही. डब्यात माझ्या क्रोन्सचं, म्हणजे आतड्याच्या जुनाट दुखण्याचं, बायोलॉजिक इंजेक्शन होतं. माझी रोगप्रतिकारशक्ती माझ्याच आतड्यावर उलटली आहे, हे औषध तिला आवरतं. डोस हुकला तर दुखणं पुन्हा उसळण्याची भीती. आतड्याचा एक तुकडा आधीच कापून झालाय, दुसरा द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती.

तरी निघाले, कारण तलासरीजवळच्या एका पाड्यावर (वस्तीवर) माझी मैत्रीण सुनंदा शिक्षिका आहे. त्या हिवाळ्यात तिथली जमीन सारखी हादरत होती. "ये गं, एकटीला भीती वाटते," ती फोनवर म्हणाली होती.

डहाणू रोडला जीप मिळाली. आशागडपर्यंत रस्त्याला लागून चिकूच्या वाड्या होत्या, पण माझं लक्ष शेजारच्या माणसाच्या खोकल्याकडे. या औषधावर असलेल्याला क्षय लवकर गाठू शकतो. मी नाकाला ओढणी लावून तोंड बाहेर काढलं.

"उलटी होते का ताई? पुढे बसा," तो काळजीने म्हणाला.

मला लाज वाटली, पण ओढणी काही काढली नाही. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाकडे बघून सगळ्यांनी हात जोडले. माझे हात डब्यावरच होते.

सुनंदाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. ती अंगणात ताडपत्रीखाली राहत होती, फ्रीज मात्र आतच. "ठेव आणि पळत बाहेर ये," ती म्हणाली. जेवायला तांदळाची भाकरी, वरण आणि सुक्या बोंबलाची लालभडक चटणी. चटणीकडे नुसतं बघून घेतलं.

सकाळी जीव मुठीत धरून फ्रीजपाशी गेले आणि इंजेक्शनचं पेन घेऊन आले. थंडपणा जाईपर्यंत मांडीवर ठेवलं. शेजारची कमळीबाई, सुनंदाच्या शाळेत खिचडी शिजवणारी, बघायला येऊन बसली. मी पेन मांडीवर टेकवून बटण दाबलं. पेनच्या खिडकीत पिवळा पट्टा दिसेपर्यंत ते उचलायचं नसतं, नाहीतर औषध बाहेर सांडतं.

तेवढ्यात खालून गुरगुर आली. भांडी खडखडली, कोंबड्या उधळल्या. सुनंदा ओरडली आणि मी पेन टाकून उठणारच होते. कमळीबाईने माझ्या मुठीवर आपला खरखरीत हात दाबला.

"सोडू नको, बाय. धर."

तिने हात काढला नाही. पिवळा पट्टा आला. मग ती म्हणाली, "धरती थांबली. तुजा हात नाय थांबला अजून." सुनंदा रडता रडता हसली.

परत आले. पुढचा डोस घरी, पक्क्या फरशीवर बसून घ्यायचा होता. फरशी जागची हलत नव्हती, तरी बटण न दाबताच मी पेन दोनदा मांडीवरून उचललं. मी सुनंदाला फोन लावला आणि कमळीबाईला बोलवायला सांगितलं.

"हादरे थांबले का गं?" कमळीबाई फोनवर आल्यावर मी विचारलं.

"नाय. सकाळीच आला."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना, बाय. म्हणून तर तुजा हात धरला. आता दाब."

मी फोन कानाशी धरून बटण दाबलं. तिकडून भांडी खडखडल्याचा आवाज आला. पिवळा पट्टा येईपर्यंत मी पेन उचललं नाही, आणि तिनेही फोन सोडला नाही.