एक्स्ट्रा लेक्चर

ऐक ना. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नाटकाच्या ग्रुपमध्ये नाही, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्यालाही नाही — आणि त्याला मी माझ्या दहावीच्या गणिताच्या मार्कांपासून सगळं सांगून टाकलंय! आज टाइप करायला बसलेय तर एका दमात करते. थांबले तर हे पण जाऊन ड्राफ्टमध्ये पडेल, आधीच्यांसारखं. आधीचे सगळे लालबागच्या वासापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात.

कारण तो वास आठवला की मला ते वर्ष आठवतं, आणि ते वर्ष — यार, काय सांगू — ते वर्ष इतकं भारी होतं! तेव्हा मी सारखी रडायचे की वेळ नाही, झोप नाही, माझं काही खरं नाही. आता वाटतं, तसं परत कधी जगणारे का मी?

सकाळी गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात. मागच्या खोलीत नाटकांच्या जुन्या जाहिराती, पिवळ्या पडलेल्या, हात लावला की कोपरा हातात. माझी पीएचडी गिरणगावातल्या हौशी नाटकांवर — त्यात काम करणाऱ्या बायकांवर. घरच्यांपासून लपवून तालमीला जाणाऱ्या, नाव बदलून स्टेजवर उभ्या राहणाऱ्या बायका. दुपारी दादरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. तासावर. म्हणजे पर्मनंट नाही, दर वर्षी नव्याने इंटरव्ह्यू. आणि संध्याकाळी सहाला — लालबाग. तालीम!

आमची तालमीची खोली एका मंडळाची होती. गणपतीचं डेकोरेशन ठेवायची जागा. थर्माकोलचे खांब, एक तुटका मोर, त्यात आम्ही. भिंतीपलीकडे मसाल्याची गिरणी. फेब्रुवारी-मार्च, लोकांचे वर्षाचे मसाले सुरू झालेले, लाल मिरचीचा खकाणा खिडकीतून थेट आत. आमच्या एकांकिकेत एक मयताचा सीन होता आणि त्यात मयत शिंकायचं. खरंच! आम्ही सगळे रडण्याची अ‍ॅक्टिंग करतोय आणि खाली झोपलेला मन्या — आऽऽच्छी! मग पुन्हा पहिल्यापासून. मी घोडपदेवला घरी पोचले की आई दारातच ओरडायची, "आधी कपडे बदल गो, शिंकान शिंकान मरतलंय मी!"

कपडे बदलायचे. बॅग कोण बदलतं? माझी एकच कापडी बॅग होती, तालमीत पण तीच, कॉलेजात पण तीच. माझी गाईड — तीच आमची विभागप्रमुख, म्हणजे माझी पीएचडी आणि माझी नोकरी दोन्ही एकाच बाईच्या हातात — ती स्टाफरूममध्ये मला म्हणायची, "तू आलीस की मला शिंका का येतात गं? परफ्यूम बदल तुझा."

तिला माहीत नव्हतं मी नाटक करतेय ते. मी तिला शब्द दिला होता — थिसिस जमा होईपर्यंत नाटक बंद. तिनेच घेतला होता तो शब्द. "दोन दगडांवर पाय ठेवतात लोक, तुझे तीन आहेत. एक काढ." मी काढला म्हणून सांगितलं. काढला नव्हता. पण ही माझी कबुली नाहीये. हे तर सगळेच करतात.

प्रज्ञाबद्दल सांगायचंय.

प्रज्ञा माझ्या वर्गात होती, एसवायला. नायगावच्या बीडीडी चाळीतली. चाळ पाडायला घेतली म्हणून तेव्हा जवळच भाड्याच्या खोलीत राहायची, आईबरोबर. आई एका दवाखान्यात नर्स. प्रज्ञा आमच्याकडे आली ती प्रॉम्प्टिंगला. कोपऱ्यात बसून स्क्रिप्ट धरायची. वर्गात मला मॅडम म्हणायची आणि त्या खोलीचा उंबरठा ओलांडला की ताई. एकदाही चुकली नाही. मी तिला चिडवायचे, "काय गं, दाराला स्विच लावलाय का?"

एकांकिका मीच लिहिलेली, थिसिसमधूनच सुचलेली. एक म्हातारी, चाळीतलं घर रिकामं करतेय, आणि तिने तरुणपणी नवऱ्यापासून लपवून नाटकात काम केलेलं असतं. एके दिवशी म्हातारी करणारी पोरगी आलीच नाही. मी म्हटलं, प्रज्ञा, तू नुसती वाचून दाखव. ती उभी राहिली. तिने आवाज थरथरवला नाही, कंबर वाकवली नाही, काहीच नाही. फक्त प्रत्येक उत्तराआधी थांबायची. आधी आठवायचं, मग ठरवायचं सांगू की नको — एवढं सगळं त्या थांबण्यात दिसायचं. एकोणीस वर्षांची पोरगी, आणि समोर सत्तरीची बाई! खोलीत एवढी शांतता झाली की मला वाटलं गिरणीवाल्यानेही मशीन बंद केलं. खरं तर लाइट गेली होती. पण मला आजही वाटतं त्यानेच बंद केलं.

रोल तिचा झाला. घरी जाताना ती मला म्हणाली, "ताई, ग्रॅज्युएशननंतर युनिव्हर्सिटीत ड्रामाला घेतात ना? मी जाणार." रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली. मागून टेम्पोवाला हॉर्न मारतोय, हिला पत्ताच नाही.

एकच लोचा होता. तिच्या आईने सांगितलेलं — आधी डिग्री, मग काय ते नाटक कर. वाईट नव्हती गं आई. एकटीने वाढवलेली मुलगी, तिला भीती होती. माझ्या गाईडची अट आणि तिच्या आईची अट एकच, बघ ना! प्रज्ञा म्हणाली, "घरी काय सांगू?" आणि मी — चहाचा ग्लास हातात, वडापाव तोंडात, हसत हसत — म्हणाले, "सांग ना, मॅडमचं एक्स्ट्रा लेक्चर असतं."

इतकं सहज. मला त्यात काही वाटलंच नाही. उलट मज्जा वाटली. माझ्या थिसिसमधल्या बायका अशाच थापा मारायच्या — कीर्तनाला चाललेय, मावशीकडे चाललेय. मला वाटलं आपण त्यांच्यातल्याच!

आता येते मुद्द्यावर. येते, थांब. पाणी पिऊन आले.

मार्चचा पहिला आठवडा. स्पर्धा दहा-बारा दिवसांवर. मी स्टाफरूममध्ये गाईडसमोर बसलेली, माझ्या पीएचडीचा वर्षाचा रिपोर्ट ती वाचत होती. पुढच्या वर्षी तासावर कोणाला ठेवायचं तेही त्याच आठवड्यात ठरणार होतं. दार ढकलून प्रज्ञाची आई आली. ड्यूटीवरून थेट आलेली, हातात नानकटाईचा बॉक्स. मागे प्रज्ञा, चेहरा पांढराफटक — तिला आईने गेटवरच गाठलं होतं.

"जय भीम मॅडम. बसू का?" आई माझ्याकडे बघून हसत होती. "मी मुद्दाम आले. ही रोज साडेनऊला घरी येते, म्हणते मॅडमचं एक्स्ट्रा लेक्चर असतं, सहा ते नऊ. म्हटलं एवढी मेहनत कोण घेतं हो आजकाल दुसऱ्याच्या पोरांवर? जाऊन थँक्यू तरी बोलावं."

थँक्यू बोलायला आली होती ती.

माझी गाईड माझ्याकडे वळली. "तू एक्स्ट्रा लेक्चर घेतेस? नऊपर्यंत?"

आणि मी म्हणाले, "नाही मॅडम. मी कुठे घेते?"

खरं होतं ना ते? शब्दन् शब्द खरा. त्यातला सगळ्यात घाण भाग तोच आहे — मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. ते पुढे लागलं.

आईचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं चेहऱ्यावर, काढायचं विसरल्यासारखं. मग तिने मला विचारलं, माझ्याकडे बघून, माझ्यावर विश्वास ठेवून — "मग मॅडम, ही जाते कुठे?"

"मला माहीत नाही."

झालं. हेच ते. एवढंच आहे. तीन शब्द.

एक वाक्य पुरलं असतं — काकी, ती माझ्या नाटकात आहे, चूक माझी आहे, मीच तिला असं सांगायला शिकवलं. जिभेवर होतं का ते? मला आठवायला आवडेल की होतं. नव्हतं. डोक्यात फक्त रिपोर्ट होता आणि पुढचं वर्ष.

गाईड प्रज्ञाला म्हणाली, "कोणाबरोबर फिरतेस गं?" असंच विचारलं, सगळ्यांसमोर. दोन सर पेपर तपासत होते, त्यांनी वर बघितलं. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. आणि ती थांबली. तेच थांबणं — तेच! आधी आठवायचं, मग ठरवायचं सांगू की नको. मी समोर बसून बघत होते, आणि तुला खोटं वाटेल, पण त्या क्षणीसुद्धा माझ्यातली दिग्दर्शक म्हणत होती, अस्संच कर स्टेजवर.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. मॅडम. ताई नाही. स्टाफरूममध्येसुद्धा चुकली नाही.

आई उठली. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हिच्या ओढणीला रोज मिरचीचा वास येतो. मी म्हणायचे, कँटीनचा असेल." आणि तेवढ्यात माझ्या गाईडला शिंक आली. मग दुसरी. माझी बॅग तिच्या टेबलावरच होती. आईने बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला कळलं का? मला अजून माहीत नाही. तिने मुलीचा हात धरला आणि गेली. बॉक्स टेबलावरच राहिला.

गाईडने तो उघडला. "काय ही आजकालची मुलं. घे एक."

मी घेतली. आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दिसलं — प्रज्ञा लेफ्ट. बाकी काही नाही. सगळे विचारायला लागले, मी टाइप केलं, "घरचा प्रॉब्लेम आहे तिचा." मन्याने लिहिलं, "च्यायला, घरचे ना असेच असतात." त्यावर मी रडका इमोजी टाकला. तिचं कॉलेज बंद झालं. बाहेरून परीक्षा देणार, असं तिची मैत्रीण म्हणाली. मी फोन केला का? नाही. आज करू, उद्या करू, स्पर्धा होऊ दे, थिसिस होऊ दे. घरी जायचं तर पाच मिनिटांवर होतं, दादरहून चालत.

म्हातारीचा रोल मीच केला. डायलॉग माझेच होते ना, पाठ होते. आणि ते थांबणं पण मी केलं. तिचं होतं तसं. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं मला, अजून आईच्या शोकेसमध्ये आहे, पितळी, ती शनिवारी पुसते.

आणि ऐक — माझ्या गाईडला बक्षिसाचं कळलंच. ती हसली! "चोरून नाटक करत होतीस होय? बरं केलंस, थिसिसला उपयोग होईल." बस. याच्यासाठी घाबरले होते मी. मिरचीचा वास तेव्हा आठवला का तिला? तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला पुढच्या वर्षीही ठेवलं.

थिसिस झाला. तिसऱ्या प्रकरणात सगळं आहे — बायकांना नाटकापासून कोणी कोणी थांबवलं. नवरे आहेत त्यात, सासवा आहेत, भाऊ आहेत. मी नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले, तिचा शुगरचा रिपोर्ट आणायला. काउंटरला काच. काचेमागे प्रज्ञा. केस बारीक कापलेले, गळ्यात आयकार्ड. तिने वर बघितलं, मला बघितलं, आणि जरासुद्धा न थांबता म्हणाली, "बोला मॅडम."

मी आईचं नाव सांगितलं.

तिने रिपोर्ट दिला. आईला समजावलं, शुगर थोडी वाढलीय, डॉक्टरांना दाखवून घ्या, भात कमी करा काकी. आई एकदम खूश. बाहेर बस स्टॉपवर येऊन म्हणाली, "गुणाचा चेडू आसा गो. तुझ्याकडेच बघी होता. तुझ्या वळखीचा काय?"

मी म्हटलं, नाही.

मग बस आली.